डेल्टा प्लस जळगावात सापडला, मग गेला कुठे?

बसमध्ये हेडफोन विसरलेत किंवा ऑफिसात साहेब समोरच बसलेत, अशांसाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "अं" आणि "म्हणजे ना" तेवढे कमी केलेत.

धुळ्याहून एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला होता. ती म्हणते, "दादा, माझे दोन डोस झाले, त्याआधी एकदा करोना होऊन गेला, तरी परत झालाच. मग ह्या अँटीबॉडी नक्की करतात काय? आता घरचे म्हणतात, लस बिस सगळं वाया गेलं." हा प्रश्न मला आवडला, कारण त्याच्या आत दोन प्रश्न आहेत. विषाणू अँटीबॉडीला चकवतो कसा, हा एक. आणि चकवतो म्हणजे सगळंच वाया गेलं का, हा दुसरा. उत्तर शोधायला वुहानला जायची गरज नाही. आपल्या जळगावातच एक केस घडून गेलीये, आणि ती अर्धीच आठवते सगळ्यांना.

तारीख २१ जून २०२१. दुसरी लाट ओसरत होती. दुकानांची शटरं अर्धी उघडी, ऑक्सिजनसाठी केलेली धावपळ अजून ताजी. त्या दिवशी तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं की राज्यात डेल्टा प्लसचे २१ रुग्ण सापडलेत. रत्नागिरीत ९, जळगावात ७, मुंबईत २, आणि पालघर, ठाणे, सिंधुदुर्गात प्रत्येकी १. दुसऱ्याच दिवशी केंद्राने डेल्टा प्लसला चिंताजनक प्रकार ठरवलं. ऑगस्टच्या सुरुवातीला राज्याचा आकडा ४५ झाला, तेव्हा १३ रुग्णांसह जळगाव पहिल्या नंबरवर होतं.

आमच्या फॅमिली ग्रुपवर त्या दिवशी काय झालं असेल हे तुम्ही ओळखलंच असेल. मामांचा पहिला मेसेज: "हाई काय नवीन शे?" दुसरा: "आपल्याकडंच का?"

आधी मामांचं उत्तर देऊन टाकतो, ते सोपं आहे. राज्याने १५ मेपासून प्रत्येक जिल्ह्यातून १०० नमुने जिनोम सिक्वेन्सिंगला पाठवायला सुरुवात केली होती. साडेसात हजारांच्या आसपास नमुने गेले, त्यात हे २१ निघाले. जिथे बॅटरी मारली तिथे उंदीर दिसला, अंधाऱ्या खोलीत किती होते ते दिसलं नाही. जळगावात सात दिसले, याचा अर्थ विषाणू जळगावात तयार झाला असा होत नाही. हा प्रकार मार्च २०२१ च्या अखेरीस युरोपातल्या नमुन्यांत आधीच दिसला होता. पण त्या आठवड्यात "जळगावचा व्हेरियंट" असं म्हणणारे लोक होते, आणि पुण्या-मुंबईत राहणाऱ्या आपल्या पोरांना ते ऐकावं लागलं. गावाचं नाव चिकटू नये म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ ला ग्रीक अक्षरं वापरायला सुरुवात केली होती. "प्लस" हे शेपूट मात्र तसं अधिकृत नव्हतं. मोबाईलच्या मॉडेलसारखं नाव, ऐकणाऱ्याला वाटणारच की हा मोठ्या बॅटरीचा डेल्टा. माझ्या मते अर्धी भीती त्या नावानेच पसरवली.

त्या "प्लस" मध्ये होतं काय? एक अक्षर. खरंच, एकच.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे कोडसारखं दिसतं. करोनाचा सगळा प्रोग्राम साधारण २९,९०० अक्षरांचा आहे, आणि अक्षरं चारच: ए, यू, जी, सी. तीन अक्षरं मिळून एक अमिनो आम्ल ठरतं, आणि अमिनो आम्लांची माळ म्हणजे प्रोटीन. विषाणूच्या अंगावर जे काटे दिसतात, ते स्पाइक प्रोटीन १,२७३ मण्यांची माळ आहे. आपल्या पेशींवर एसीई२ नावाचं कुलूप असतं आणि स्पाइकचं टोक त्यात किल्लीसारखं बसतं. मूळ विषाणूत ४१७ व्या मण्याची अक्षरं ए-ए-जी अशी होती, म्हणजे लायसिन. डेल्टा प्लसमध्ये ती ए-ए-यू झाली, म्हणजे अॅस्परॅजिन. शास्त्रज्ञ याला के४१७एन म्हणतात. बाकी सगळा डेल्टाच.

एका अक्षराने एवढं काय होतं? लायसिनवर धन विद्युतभार असतो, अॅस्परॅजिनवर नसतो. अँटीबॉडी, म्हणजे मराठी पुस्तकातलं प्रतिपिंड, विषाणूला पकडते ती आकारावर आणि भारावर. चुंबकाला खिळा चिकटतो तसं समजा, फक्त खिळ्याचा आकारही अचूक जुळायला लागतो. जी अँटीबॉडी ४१७ च्या त्या धन भारावर भरवसा ठेवून पकडत होती, तिच्या हातातून विषाणू निसटतो. अँटीबॉडी खराब झालेली नसते, समोरची खुंटी गायब झालेली असते.

आता इथे बरेच लोक म्हणतात, "विषाणूने शक्कल लढवली." नाही हो. शक्कल लढवायला डोकं लागतं. सॉफ्टवेअरची उपमा इथेच फसते, कारण आमच्याकडे व्हर्जन बदलायला कोणीतरी डेव्हलपर रात्री जागतो. विषाणूकडे डेव्हलपर नाही, फक्त टायपिंगच्या चुका आहेत. उलट करोनाकडे स्वतःची प्रूफरीडिंगची यंत्रणा आहे, त्यामुळे तो फ्लूच्या विषाणूपेक्षा हळू बदलतो. पण आजार ऐन भरात असताना एका माणसाच्या शरीरात शंभर कोटींहून जास्त विषाणूकण असतात. एवढ्या प्रती काढल्या की जवळपास प्रत्येक एक-अक्षरी चूक कुठे ना कुठे होऊन जाते. म्हणजे के४१७एन ही चूक त्या काळात हजारो शरीरांत पुन्हा पुन्हा झाली असणार. बहुतेक वेळा ती तिथेच मेली.

खरा प्रश्न असा आहे की एखादी चूक टिकते कधी. आणि यासाठी आपल्या खान्देशातल्या माणसाला पुस्तक लागत नाही, कापसाचं शेत पुरतं.

बीटी कापूस आला २००२ मध्ये. एका जनुकाचं बियाणं, बोंडअळी खायची आणि मरायची. २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं, म्हणजे अळीला दोन वेगवेगळी विषं. काही वर्षं मस्त गेली. मग गुलाबी बोंडअळी आधी एका विषाला सरावली, पुढे दुसऱ्यालाही, आणि २०१७ मध्ये राज्यभर काय झालं ते तुमच्या आबांना विचारा, आकड्यांसकट सांगतील. अळीला कोणी शिकवलं नव्हतं. लाखो अळ्यांत दोन-चार आधीपासूनच वेगळ्या होत्या. बाकीच्या मेल्या, त्या उरल्या, त्यांची पिल्लं वाढली. सरावली हा शब्द आपण वापरतो, पण सरावली कोणीच नाही. उरली, एवढंच.

करोनाचंही तेच, फक्त विषाच्या जागी आपली प्रतिकारशक्ती. आयसीएमआरच्या देशभरच्या सेरो सर्वेक्षणात जे जिल्हे निवडले होते त्यात जळगाव होतं. मे-जून २०२० च्या पहिल्या फेरीत देशभरातल्या प्रौढांपैकी फक्त ०.७३ टक्के लोकांत अँटीबॉडी सापडल्या. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत सहा वर्षांवरच्या ६७.६ टक्के लोकांत. आता विषाणूच्या बाजूने बघा. पहिल्या वर्षी शंभरातली नव्याण्णव दारं तशीच उघडी होती. अँटीबॉडीला चकवणारी चूक झाली तरी तिचा फायदा काय? जो जोरात पसरेल तो जिंकणार. दुसऱ्या वर्षी तीनातल्या दोन दारांवर राखणदार बसले. आता चकवणाऱ्याला भाव आला.

इथे व्हॉट्सअॅपवरची एक लाडकी थिअरी येते: "लस दिली म्हणून व्हेरियंट तयार झाले." तारखा लावून बघा. ज्या घराण्यातून डेल्टा आला, त्याचे भारतातले सुरुवातीचे नमुने ऑक्टोबर २०२० चे आहेत. भारतात लसीकरण सुरू झालं १६ जानेवारी २०२१ ला. २४ मार्च २०२१ ला केंद्राने जाहीर केलं की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे बदल दिसतायत आणि डिसेंबरपासून त्यांचं प्रमाण वाढतंय. पेपरात त्याला "डबल म्युटंट" म्हटलं होतं. त्या वेळी लस किती लोकांना मिळाली होती? आपल्या गावात साठीच्या पुढची माणसं नुकती रांगेत उभी राहायला लागली होती. दबाव होता, पण तो जास्त करून आजारातून बऱ्या झालेल्या लोकांच्या अँटीबॉडीचा. आणि लस घेतलेल्या शरीरात विषाणू कमी दिवस टिकतो, म्हणजे त्याला लॉटरीची तिकिटंही कमी मिळतात. याउलट ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे खचलेली असते, त्यांच्या शरीरात विषाणू कधीकधी महिनोन्‌महिने राहतो आणि चुका साठवत जातो. मोठ्या उड्या मारणारे प्रकार तिथून आले असावेत, असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत आहे.

आता त्या "प्लस" कडे परत. अँटीबॉडीला चकवणारी चूक होती, पसरायला डेल्टासारखं दणकट इंजिन होतं, आणि समोर राखणदार बसलेले होते. मग डेल्टा प्लसची तिसरी लाट यायला हवी होती. टीव्हीवाले रोज तेच सांगत होते. आली नाही. डेल्टाच्या बाकीच्या शाखा पसरत राहिल्या आणि ही शाखा मागे पडली. का?

कारण ४१७ ची खुंटी फक्त अँटीबॉडीच्या कामाची नव्हती. विषाणूलाही ती लागत होती. लायसिनचा तोच धन भार एसीई२ च्या कुलपातल्या एका ऋण भाराशी जुळतो आणि किल्ली घट्ट बसते. ती खुंटी काढून टाकली की पोलिसाच्या हातातून निसटता येतं, पण स्वतःच्या घराचं कुलूपही नीट उघडत नाही. हा सौदा आहे. मला या सगळ्या विषयातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते: आपल्या अँटीबॉडी नेमक्या अशाच जागा पकडतात ज्या विषाणूला हलवणं महाग पडतं. सगळ्याच नाही, पण चांगल्यातल्या चांगल्या पकडतात.

तुलनेला डेल्टाचा स्वतःचा बदल घ्या, एल४५२आर. ४५२ व्या जागी ल्युसिन जाऊन आर्जिनिन आलं. यात काही अँटीबॉडींपासून सुटका झाली आणि कुलपाची पकडही जरा वाढली. दोन्हीकडून फायदा, म्हणून तो बदल देशभर गेला. के४१७एन मध्ये एका हाताने मिळालं, दुसऱ्या हाताने गेलं. शिवाय ४१७ ही एकच जागा. लसीतून किंवा आजारातून आपल्या रक्तात एक प्रकारची अँटीबॉडी तयार होत नाही, अनेक होतात, प्रत्येक जण स्पाइकची वेगळी जागा पकडतो. एक निसटली, बाकीच्या आहेत.

ही "बाकीच्या आहेत" गोष्ट किती महत्त्वाची, त्याचं उदाहरण तेव्हाच आपल्या बाजारात होतं. २४ मे २०२१ ला रोश आणि सिप्ला यांनी भारतात अँटीबॉडी कॉकटेल आणलं. कॅसिरिव्हिमॅब आणि इमडेव्हिमॅब, प्रयोगशाळेत बनवलेल्या दोन अँटीबॉडी. एका रुग्णाचा डोस ५९,७५० रुपये. दोनच का? कारण एक चुकली तर दुसरी असावी, थेट दोन जनुकांच्या बियाण्यासारखं. आणि झालंही तसंच: के४१७एन ने कॅसिरिव्हिमॅबला चांगलाच धक्का दिला, इमडेव्हिमॅबने काम चालू ठेवलं. पुढे ओमिक्रॉन आला, त्यात ४१७ चा बदल होताच, शिवाय ४४६ व्या जागेवरच्या बदलाने इमडेव्हिमॅबही पाडलं. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेने हे औषध ओमिक्रॉनसाठी वापरायचं थांबवलं. साठ हजाराच्या दोन अँटीबॉडी हरल्या, पण लस घेतलेल्या माणसाच्या रक्तातला फुकटचा गोतावळा पूर्ण हरला नाही.

थांबा, ओमिक्रॉनमध्येही ४१७ चा बदल होता असं आत्ताच म्हणालो. मग जो सौदा डेल्टा प्लसला परवडला नाही तो ओमिक्रॉनला कसा परवडला?

कारण त्याने सोबत उधारी चुकवायची सोय आणली होती. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ ला कळवलेल्या या प्रकारात एकट्या स्पाइकमध्ये तीसहून जास्त बदल होते. त्यातला ५०१ व्या जागेवरचा बदल किल्ली कुलपात घट्ट बसवतो, ४९८ च्या सोबतीने तर फारच घट्ट. म्हणजे ४१७ वर जे गमावलं ते ५०१ वर भरून निघालं. खिशात पैसे असले की महागडी वस्तू घेता येते, तसं. डेल्टा प्लसकडे ५०१ नव्हता. ४ डिसेंबरला डोंबिवलीत राज्यातला पहिला ओमिक्रॉन रुग्ण सापडला आणि जानेवारीत घराघरात सर्दी-ताप होता.

हीच खेळी दोन वर्षांनी पुन्हा दिसली. २०२३ मध्ये बीए.२.८६ नावाचा प्रकार आला, कुलपाला घट्ट चिकटणारा, म्हणजे खिसा भरलेला. पण पसरला फार नाही. मग त्यात स्पाइकवर अजून एकच बदल झाला, ४५५ व्या जागी. पकड थोडी सैल झाली, पण अँटीबॉडींपासून सुटका जबरदस्त वाढली. तो जेएन.१. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातला त्याचा पहिला रुग्ण सिंधुदुर्गात सापडला, आणि थोड्याच महिन्यांत जगभर तोच होता. एक अक्षर जळगावात फुसकं निघालं आणि दुसरं एक अक्षर जगभर गेलं, फरक खिशाचा.

आता धुळ्याच्या ताईचा दुसरा प्रश्न: मग लस वाया गेली का?

आकडे बघू. डेल्टाच्या काळात इंग्लंडमध्ये मोठा अभ्यास झाला, त्यात आपली कोविशील्ड, म्हणजे तिथली अॅस्ट्राझेनेका, होती. लक्षणं दिसतील असा आजार टाळण्यात एका डोसने डेल्टाविरुद्ध साधारण ३० टक्के काम केलं, दोन डोसनी ६७ टक्के. आणि दवाखान्यात भरती व्हायची वेळ टाळण्यात दोन डोस ९२ टक्के. हे दोन शेवटचे आकडे शेजारी ठेवा. सर्दी-ताप रोखण्यात लस मार खाते, भरती रोखण्यात तेवढा खात नाही. १३ मे २०२१ ला आपल्याकडे कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं होतं, म्हणजे डेल्टा ऐन जोरात असताना कित्येक लोक एका डोसवर होते. "एक घेतला, आता बास" म्हणणाऱ्यांना म्हणूनच मी तेव्हा फोन करकरून पिडलं होतं.

हा फरक पडतो कारण अँटीबॉडी ही पहिली चौकी आहे, एकुलती नव्हे. नाकातोंडात विषाणू शिरतानाच त्याला अडवायचं तर त्याच वेळी रक्तात आणि नाकाच्या अस्तरावर भरपूर आणि नेमक्या अँटीबॉडी लागतात. त्या काही महिन्यांत कमी होतात, आणि नवीन व्हेरियंटला त्यातल्या कमीच चिकटतात. म्हणून परत होतो. पण विषाणू आत शिरला की टी पेशी येतात. त्या स्पाइकचा बाहेरचा आकार बघत नाहीत. बाधित पेशी विषाणूचे तुकडे करून दारात टांगते, त्या तुकड्यांवरून ओळखतात. एका व्हेरियंटने पाच-पंचवीस मणी बदलले तरी बाराशे मण्यांतले बाकीचे तुकडे जुनेच असतात. त्यामुळे ओमिक्रॉनने अँटीबॉडींना चकवलं तेवढं टी पेशींना चकवता आलं नाही.

आणि एक गोष्ट जी मला कॉलेजात कोणी सांगितली नाही, बीटेकला सांगायचं कारणही नव्हतं म्हणा. टायपिंगच्या चुका करून त्यातली चांगली चूक निवडायची, ही खेळी विषाणूची एकट्याची नाही. आपलं शरीरही तीच खेळतं. अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी लसिका गाठींमध्ये, म्हणजे काखेत-मानेत ज्या सुजतात त्या गाठींमध्ये, स्वतःच्या अँटीबॉडीच्या कोडमध्ये मुद्दाम चुका करत राहतात. जी नवीन अँटीबॉडी विषाणूच्या तुकड्याला जास्त घट्ट पकडते ती पेशी वाढते, बाकीच्या मरतात. हे काम डोसनंतर आठवडे, महिने चालू असतं. म्हणून तिसऱ्या डोसनंतर, तोही जुन्याच वुहान विषाणूवर बेतलेला असताना, लोकांच्या अँटीबॉडी ओमिक्रॉनलाही बऱ्यापैकी पकडायला लागल्या. आपल्याकडे १० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइन कर्मचारी आणि सहव्याधी असलेल्या साठीपुढच्यांना प्रिकॉशन डोस सुरू झाला, त्यामागचं गणित हेच. फरक एवढाच की आपल्या गाठींमध्ये शेवटी पास-नापास ठरवायला परीक्षक बसलेला आहे, आणि विषाणूचा परीक्षक आपण आहोत.

तर ताई, घरच्यांना सांग की परत झाला हे खरं, पण तू तो घरी बसून काढलास, हेही त्याच डोसांचं काम असण्याची शक्यता बरीच आहे. आणि घरात साठीपुढचं, डायबेटिसचं कोणी असेल तर त्यांच्या पुढच्या डोसबद्दल तुमच्या डॉक्टरांनाच विचार, माझ्या पॉडकास्टला नको.

पुढच्या भागात तो सिक्वेन्सिंगचा डबा उघडू. जिल्ह्यातून निघालेला स्वॅब मशीनमध्ये जातो आणि त्यातून २९,९०० अक्षरं बाहेर कशी येतात, आणि त्यात मध्येच अक्षरं गायब असली तर काय करतात. प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा. एका मिनिटाच्या आतला पाठवा, मागच्या वेळी एका भाऊंनी नऊ मिनिटांचा पाठवला होता, त्यात सात मिनिटं पाऊस कसा आहे तेच होतं.